वाईला अर्धा तास?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत थंडीतल्या एक दिवसाच्या सहली म्हणून अख्खं पान होतं. फोटो छान होते, तक्रार नाही. पण पाचगणी-महाबळेश्वरच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, "वाटेत वाई, ढोल्या गणपती, अर्धा तास." आमच्या सासूबाईंना डोळ्याच्या ऑपरेशनपासून पेपर मी वाचून दाखवते, तर ही ओळ ऐकून त्या म्हणाल्या, परत वाच. परत वाचली. म्हणाल्या, "अर्धा तास तर नुसता साडीच्या दुकानात जायचा, चहा येईपर्यंत." त्यांचं माहेर भुईंज, म्हणजे वाई तालुकाच, आणि त्यांच्या लग्नाचा बस्ता वाईत बांधलेला, सदुसष्ट साली. त्यामुळे हा अर्धा तास त्यांना फारच लागला. मग दोन दिवस घरात तोच विषय, शेवटी नवरा म्हणाला चला एकदा जाऊनच येऊ, आणि गेलो, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापायचं तर कापा पण मेणवलीचं कापू नका.

आमच्याकडे सुट्टी गुरुवारची, नवरा चाकणला कंपनीत आहे. मार्गशीर्षातले गुरुवार घरात घट मांडलेला, त्यात निघणं शक्यच नव्हतं, म्हणून पौषातला गुरुवार धरला, संक्रांतीच्या आधीचा. गाडी आहे, पण मुद्दाम एसटीने गेलो कारण गाडी काढली की नवऱ्याचं लक्ष रस्त्यावर आणि माझं नवऱ्यावर. सकाळी पिंपरीहून मेट्रोने स्वारगेट, तिथून वाईची एसटी. सासूबाईंना सत्त्याहत्तरावं चालू, त्यांना फुकट, मला बायकांचं अर्धं, नवऱ्याचं तेवढं पूर्ण, तिघांत मिळून दीड तिकीट झालं. कंडक्टरने आधार कार्ड बघून त्यांच्या हातात शून्य रुपयांचं तिकीट दिलं, ते त्यांनी संध्याकाळपर्यंत पर्समध्ये जपून ठेवलं होतं, कशाला ते विचारायची सोय नाही.

शिरवळपर्यंत सगळे पेंगत होते. खंबाटकी घाट चढायला लागलो तेव्हा खिडकीच्या काचेला आतून वाफ धरलेली, मी बोटाने पुसून बघितलं तर खाली सगळं धुकं भरलेलं. सुरूरला हायवे सोडून गाडी उजवीकडे वळली की सासूबाई ताठ बसल्या आणि मग त्यांची कॉमेंट्री सुरू झाली ती थेट स्टँडपर्यंत, हे कुणाचं शेत, इथं विहीर होती, इथं आत्याचं घर, आता काय सगळं बदललंय. मागच्या सीटवरच्या एक आजी मध्येच म्हणाल्या, "विहीर आहे की अजून, झाडामागं गेली." मग दोघींचं जे जमलं.

वाईच्या स्टँडवर उतरलो तर थंडी अशी की चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरून आधी बोटं शेकली आणि मग चहा प्यायला. पुण्यात आता अशी थंडी कुठे पडते. स्टँडपासून गणपती आळीत चालत गेलो, सासूबाईंचे गुडघे धरून म्हणजे त्यांच्या स्पीडने, आणि ते बरंच झालं, कारण त्या स्पीडला वाड्यांचे दरवाजे दिसतात. एका दरवाजाला पितळी कड्या घासून इतक्या लख्ख केलेल्या की आत माणसं राहतात हे बाहेरूनच कळत होतं. त्याच्या शेजारचा वाडा पडलेला, नुसती चौकट उभी, आणि चौकटीवरचा लाकडी गणपती तेवढा शाबूत.

मग कृष्णेचा घाट. तुमच्या त्या अर्ध्या तासात माणूस काय करतो तर गाडी पार्क करतो, गणपतीला हात जोडतो, सेल्फी काढतो आणि पसरणी घाटाला लागतो. शनिवार-रविवारी त्या घाटात दोन-दोन तास गाड्या अडकतात म्हणे, तेवढ्यात इथली निम्मी वाई बघून होते! असो. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलं. हे रास्ते म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या गोपिकाबाईंचं माहेर. मूर्ती एकाच दगडातली, नाव ढोल्या का ते समोर उभं राहिलं की कळतंच. पण दर्शन घेऊन लगेच बाहेर पडू नका, देवळाच्या मागच्या बाजूला जा. मागची भिंत सरळ नाहीये, माशासारखी निमुळती काढलेली आहे, कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोंढा त्या टोकावर आपटून दोन बाजूंना वाटला जावा म्हणून. अडीचशे वर्षांच्या वर झाली, किती पूर आले आणि गेले, देऊळ जागेवर. आमचा नवरा फिटर माणूस, त्याला देवाधर्माचं फारसं नाही, पण त्या भिंतीपाशी तो जो थांबला तो हलेना, हात लावून सांधे बघत बसला. म्हणाला आमच्याकडे दोन पावसाळ्यांत शेडचा पाया खचला, ह्यांनी कुठलं ड्रॉइंग वापरलं असेल.

शेजारीच काशीविश्वेश्वर, तेही रास्त्यांचंच, १७५७ चं. तिथला नंदी बघाच. काळा दगड, आणि हात फिरवला तर लोण्यासारखा. मी घरी ब्लाऊज शिवते, त्यामुळे माझी नजर नेहमी काठावर आणि शिलाईवर जाते, तर ह्या नंदीच्या गळ्यातल्या माळा आणि पाठीवरची झूल दगडात अशी काढली आहे की कापड अंगावर पडतं तशी ती पडलीये. सकाळच्या उन्हात दगड अजून गार होता आणि एक मांजर नेमकं ऊन पडलेल्या तुकड्यावर अंगाचं मुटकुळं करून झोपलेलं, पुजारीबुवांनी पण त्याला उठवलं नाही.

सासूबाई तोवर घाटाच्या पायरीवर उन्हाला पाठ करून बसल्या होत्या आणि शेजारी कपडे धुणाऱ्या बाईंशी बोलत होत्या. पाण्यावरून वाफ उठत होती, पलीकडचा काठ धुक्यात अर्धा दिसत होता अर्धा नाही, आणि धोपटण्याचा आवाज आधी इकडे यायचा मग पलीकडून परत यायचा. धोम धरण व्हायच्या आधी नदी कशी असायची ते त्या सांगत होत्या आणि ती बाई "होय का?" म्हणून ऐकत होती, तिचा जन्म धरणानंतरचा.

वाईला घाट सात, आणि माघ-फाल्गुनात सातही घाटांवर एकामागून एक कृष्णाबाईचा उत्सव असतो. भीमकुंड आळी, मधली आळी, धर्मपुरी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, गंगापुरी, सासूबाईंना तोंडपाठ. अफझलखान वाईत होता, तेव्हा महाराजांवरचं संकट टळू दे म्हणून इथे कृष्णामाईला नवस बोलला गेला, प्रतापगडावर १६५९ च्या नोव्हेंबरात काय झालं ते आपल्याला माहितीच आहे, तर तो नवस फेडायचा म्हणून हा उत्सव, असं सांगतात. आम्ही गेलो तेव्हा उत्सवाला दहा-बारा दिवस होते, एका घाटावर मांडवाचे वासे येऊन पडले होते. नदीची मूर्ती करायची, तिला मांडवात बसवायची, तिच्यापुढे कीर्तन करायचं आणि गावाला जेवू घालायचं. अहो हे पुण्यापासून अडीच-तीन तासांवर चालतं आणि आपण म्हणतो थंडीत जायचं कुठे!

आता एक रागाची गोष्ट, ती पण लिहिते. घाटाजवळ बायकांसाठी स्वच्छतागृह आहे, नवीन टाइल्स, बाहेर कुणाकुणाच्या नावाची पाटी, आणि दाराला कुलूप. चावी कुणाकडे विचारलं तर एकाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने साहेब गेलेत म्हणून सांगितलं. शेवटी एका दुकानदाराच्या घरात जाऊन आलो, त्यांच्या सूनबाईंनी वर चहा पण विचारला. त्या घरच्यांचे उपकार, पण सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईला अनोळखी घराचं दार वाजवावं लागावं हे काय बरोबर आहे का. उद्घाटनाचा फोटो छापून येतो, कुलपाचा पण छापा की एकदा.

पुढे गंगापुरीत गेलो कारण मला विश्वकोशाचं ऑफिस बघायचं होतं. बघायचं म्हणजे काय, बाहेरूनच. माझ्या मुलाच्या शाळेची सगळी प्रोजेक्टं मी मोबाईलवर मराठी विश्वकोश उघडून केली आहेत, म्हणजे तो खेळायचा आणि मी लिहायची, पण हे सगळं वाईत बसून तयार झालंय हे मला परवापर्यंत माहिती नव्हतं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथे प्राज्ञपाठशाळेत शिकायला आले ते इथलेच होऊन गेले, आणि विश्वकोशाचं काम पुण्या-मुंबईत न नेता इथेच मांडलं. पहिला खंड १९७६ ला आला आणि विसावा पुरा व्हायला २०१५ उजाडलं. त्याच पाठशाळेत १९१७ मध्ये विनोबा येऊन शिकले, गांधीजींच्या आश्रमातून रजा काढून. मला ते रजा काढून फार आवडलं. आम्ही गेटपाशी उभे होतो तर आतून एक गृहस्थ बाहेर आले, काय पाहिजे म्हणाले, मी म्हटलं काही नाही, नुसतं बघायला आलो. ते हसले. नुसतं बघायला येणारं कुणी त्यांना रोज भेटत नसणार.

मग बाजार. सुगडी मांडलेल्या, तिळगुळ, वाणाचे प्लास्टिकचे डबे, हरभऱ्याच्या जुड्या, स्ट्रॉबेरी तर पावलोपावली. पण आम्ही अडकलो हळदीपाशी. एक मावशी गोणपाटावर ओली हळद घेऊन बसल्या होत्या, गड्ड्यांना माती तशीच. सासूबाईंनी एक गड्डा उचलला, नखाने सोलला, तर आतून असा रंग निघाला की मी गेली वीस वर्षं पॅकेटमधून जे काढतेय ते काय आहे असं वाटलं. वास पण कैरी-आल्याच्या मधला कुठलातरी. त्या मावशी म्हणाल्या, "त्यो पिवळा आठ दिस जात न्हाई, घरी गेल्याव म्हनशीला." खरंच गेला नाही, माझ्या अंगठ्याला अजून आहे आणि एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या अस्तराला पण थोडा लागलाय, ते तिला अजून सांगितलेलं नाही. दीड किलो हळद आणि पाव किलो आंबेहळद घेतली. लोणचं घातलं, लिंबू पिळून, मिरची उभी चिरून.

साडीचं दुकान मात्र सापडलं नाही. त्या गल्लीत आम्ही दोन चकरा मारल्या. सासूबाई एका मोबाईलच्या दुकानासमोर उभ्या राहिल्या, म्हणाल्या हेच असणार, पायऱ्या त्याच आहेत. आतल्या पोराला विचारलं तर तो म्हणाला आम्ही भाड्याने आहोत, माहिती नाही. त्यांनी पायरीला चप्पल काढून पाय लावला, जरा थांबल्या आणि मग म्हणाल्या चल भूक लागली.

जेवलो एका खाणावळीत, बाजरीची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा आणि वर लोणी. ह्याबद्दल जास्त लिहीत नाही, सगळ्यांना कळतं.

दुपारी वडापने, म्हणजे शेअर जीपने, मेणवली. वाईपासून तीन-साडेतीन किलोमीटर. तिथं नाना फडणवीसांचा वाडा आहे, सहा चौकांचा. वाड्यातला गारवा वेगळाच, बाहेर ऊन चढलेलं आणि आत पाऊल टाकलं की सकाळ. जाड भिंती, लाकडी खांब, आणि एका चौकातून दुसऱ्या चौकात जाताना उजेड कमी-जास्त होत जातो. नवऱ्याला इथे शाहरुख खानचं शूटिंग झालेलं तेवढं माहिती होतं, तो घाटावर जाऊन तो सीन कुठला ते शोधत होता. बाळाजी जनार्दन भानू म्हणजेच नाना, साडेतीन शहाण्यांतले अर्धे, पानिपतावरून जीव वाचवून आलेला हा माणूस पुण्याच्या गडबडीतून इथे नदीकाठी येऊन बसत असेल तर त्याला काय वाटत असेल हा विचार मी करत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "आजी, फ्रेममधून जरा बाजूला."

प्री-वेडिंगवाले! घाटाच्या पायऱ्यांवर एक मुलगी लांबलचक लाल गाऊन घालून, तो गाऊन एक पोरगा मागून उडवतोय, पंखा चालू, ड्रोन वर, आणि नवरदेव बिचारा कोटात घामाघूम. सासूबाई हलल्या नाहीत. म्हणाल्या, "बाळा, माझं लग्न झालं तेव्हापासून मी ह्या फ्रेममध्ये आहे." फोटोग्राफर पण चांगला, हसला, मग त्यांचाच एक फोटो काढून दिला, आमच्या घरात आता तोच लावलाय. गाऊनवालीने त्यांच्या पाया पडून घेतलं, पंखा तेवढ्यापुरता बंद केला होता.

घाटावर मेणेश्वराच्या देवळाजवळ एक घंटा टांगलेली आहे, आणि माझ्या मते नुसत्या ह्या घंटेसाठी वाईला दिवस द्यायला पाहिजे. ही देवळाची घंटा नाहीच मुळी. चर्चची आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ ला वसई पोर्तुगीजांकडून घेतली, तेव्हा तिकडच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांना दिल्या, भीमाशंकरला आहे ती पण त्यातलीच. मेणवलीची घंटा साडेसहाशे किलोची म्हणतात, वर १७०७ साल आहे आणि मेरी आणि बाळ येशू कोरलेले आहेत. आपण शंकराच्या दारात उभे, हात वर करून घंटेला लावतो तर बोटाखाली मेरी येते. सासूबाईंनी चष्मा पुसून जवळून बघितलं. कुणाची बाई म्हणाल्या. मी सांगितलं. मग बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पोराला बघ कसं धरलंय, तिकडंही थंडी असणार." आणि हळदीने पिवळी झालेली बोटं तिच्या पायापाशी टेकवली, मग एकदम दचकून मला विचारलं, चालतं ना गं त्यांच्यात? मी म्हटलं आई, चालत असेल.

आता ह्या घंटेपाशी आम्ही पाऊण तास होतो. तेवढ्यात चार ग्रुप आले, घंटा बघून फोटो काढून गेले, एकाही माणसाने मेरी बघितली नाही, कारण सांगणारं कुणी नाही आणि चार ओळी नीट वाचता येतील असं काही आमच्या तरी नजरेला पडलं नाही. गणपतीच्या मागच्या भिंतीचं तेच. आम्ही सांगितल्यावर दोन कॉलेजची मुलं मागे जाऊन बघून आली आणि येऊन थँक्यू म्हणाली. मी काही इतिहासवाली नाही, दहावीनंतर शिवणक्लास केला, पण एक भिंत तिरकी का आहे हे कळलं की माणूस तिथे उभा राहतो, एवढं मला कळतं. पाट्या लावा म्हणून मी कुणाला पत्र लिहिणार? म्हणून तुम्हाला लिहिते, तुमचं वाचतात.

सासूबाईंचं मत माझ्यापेक्षा वेगळं आहे तेही सांगते. त्या म्हणतात कशाला लिहितेस, गर्दी होईल, मग घाटावर पण स्ट्रॉबेरी-क्रीमची गाडी लागेल आणि पार्किंगसाठी वाडे पाडतील. त्यांचं अगदीच चूक नाही. पाचगणीत सुट्टीच्या दिवशी काय होतं ते आम्ही बघितलंय. पण मला वाटतं जो अर्ध्या तासासाठी येतो तोच गाडी घेऊन येतो, पाण्याची बाटली टाकून जातो आणि गावात एक रुपया खर्च करत नाही, आणि जो दिवसभर राहतो तो खाणावळीत जेवतो, हळद घेतो, कुणाच्यातरी घरी चहा पितो. ह्यावर आमच्यात एसटीत परत येताना सुरूरपर्यंत वाद झाला, मग त्या झोपल्या.

तर संपादकसाहेब, विनंती एवढीच की पुढच्या वर्षी ती पुरवणी काढाल तेव्हा वाईसमोरचं "अर्धा तास" काढून टाका. आणि घाटाजवळचं ते कुलूप तुमच्या सातारच्या बातमीदाराला एकदा बघून यायला सांगा. आमचं धोम राहिलंय, तिथलं नृसिंहाचं देऊळ राहिलंय, आणि गंगापुरीचा उत्सव बघायचा म्हणून सासूबाईंनी कॅलेंडरवर फाल्गुनात आत्ताच खूण करून ठेवली आहे, त्या दिवशी गुरुवार नाहीये तर नवऱ्याला रजा टाकायला लावली. म्हणजे परत दीड तिकीट.

आपली,
एक नियमित वाचक, चिंचवड